घरच्या लँडलाइनवर येणारे फसवे फोन : ओळखायचे कसे, थांबवायचे कसे

मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला तर हल्ली स्क्रीनवरच इशारा दिसतो. नंबर ब्लॉक करता येतो, फोन सायलेंट करता येतो. घरातल्या लँडलाइनला यातले काहीच नाही. ती फक्त वाजते. सकाळी अकराच्या सुमारास मुले-सुना कामावर आणि नातवंडे शाळा-कॉलेजात असतात, तेव्हा ती उचलायला घरात असतात आजी नाहीतर आजोबा.

लँडलाइन आता राहिली आहे कुणाकडे, असे तरुण वाचक विचारतील. आपल्याच वस्तीत चार घरे फिरून पाहा. फायबर इंटरनेटच्या जोडणीबरोबर लँडलाइन मिळते म्हणून ती अनेक घरांत परत आली आहे. रेल्वे, टपाल, बँक, महापालिका, शाळा यांतून निवृत्त झालेल्यांच्या घरी तर ती कधी गेलीच नव्हती. वीस-पंचवीस वर्षे नंबर तोच आहे. नातेवाइकांच्या वह्यांत तोच, लग्नपत्रिकांवर तोच, विहार समितीच्या जुन्या पावतीपुस्तकावरही तोच.

याच घरांत आपल्या समाजातल्या नोकरीत गेलेल्या पहिल्या पिढीची पुंजी आहे. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बँकेतली मुदत ठेव आणि महिन्याची पेन्शन. मागे वडिलोपार्जित शेती नाही, दुकान नाही. ती पुंजी एका फोनवर गेली तर पुन्हा उभी राहत नाही. म्हणून हा विषय "कटकटीचे फोन" एवढ्यावर सोडून देता येणार नाही.

लँडलाइनच का निवडतात?

पहिले कारण नंबरची रचना. मुंबईचा कोड ०२२, पुण्याचा ०२०, नागपूरचा ०७१२. कोडनंतरचे सुरुवातीचे आकडे एक्स्चेंजचे असतात आणि पुढचे क्रमाने वाढत जातात. त्यामुळे संगणकाला एकामागून एक नंबर फिरवत जाणे सोपे असते. शिवाय कोडवरूनच समोरचे घर कोणत्या शहरात आहे हे कळते. मग "आम्ही तुमच्या नागपूरच्या शाखेतून बोलतोय" असे म्हणायला वेगळी माहिती लागत नाही.

दुसरे कारण म्हणजे पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी छापली जात असे. त्यात नाव, पत्ता आणि नंबर एकत्र मिळत. ती पुस्तके रद्दीत गेली, पण ज्यांनी नंबर बदलला नाही त्यांची माहिती जुनी झालेली नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. लँडलाइन उचलणारी व्यक्ती बहुधा वयस्कर असते, दिवसा घरी असते आणि अनेकदा एकटी असते.

फोन उचलला तर पलीकडून काहीच आवाज येत नाही, असा अनुभव अनेकांना आहे. यामागे यंत्र आहे. संगणक एकाच वेळी अनेक नंबर फिरवतो. जो आधी उचलेल त्याला बोलणारा माणूस मिळतो, बाकीच्यांना शांतता ऐकू येते. पण त्या शांततेतही यंत्राला हे कळलेले असते की हा नंबर चालू आहे आणि या वेळेला घरी कोणीतरी असते. रेकॉर्ड केलेला आवाज "अधिक माहितीसाठी ९ दाबा" म्हणतो, तीही चाळणीच आहे. जो ९ दाबतो तो ऐकून घेणारा आहे, एवढेच त्यांना हवे असते. म्हणून असा फोन आला की काहीही न दाबता रिसीव्हर खाली ठेवावा. "मला फोन करू नका" हे सांगण्यासाठीही बटण दाबू नये.

नेहमीचे पाच सापळे

बोलणारे बदलतात, गोष्टी मात्र त्याच असतात.

१) "दोन तासांत तुमचा फोन बंद होणार." दूरसंचार विभाग किंवा ट्राय यांच्या नावाने हा फोन येतो. ट्राय ही नियमन करणारी संस्था आहे. ती कुणाची फोनजोडणी तोडण्यासाठी ग्राहकाला फोन करत नाही.

२) "आज रात्री वीज कापली जाईल." मागच्या महिन्याचे बिल भरल्याची नोंद नाही, असे सांगून एक मोबाईल नंबर लिहून घ्यायला लावतात किंवा ॲप डाउनलोड करायला सांगतात. ॲप घेतले की मोबाईलचा पडदा त्यांना दिसू लागतो.

३) "तुमचे केवायसी संपले आहे." बँकेच्या नावाने कार्डाचा नंबर, ओटीपी किंवा पिन मागतात. खरी बँक ओटीपी आणि पिन कधीच विचारत नाही.

४) "हयातीचा दाखला बाकी आहे, पेन्शन थांबेल." नोव्हेंबर महिना आला की या फोनना जोर येतो. डिजिटल हयातीचा दाखला म्हणजे जीवन प्रमाण हा बोटाच्या ठशाने, डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याच्या ओळखीने होतो. फोनवर ओटीपी सांगून हयात सिद्ध होत नाही.

५) "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले", "तुमच्या आधारवर काळ्या पैशाचे खाते उघडले आहे", "तुमचा नातू पोलिसांच्या ताब्यात आहे." हा सर्वांत घातक सापळा. पुढची "डिजिटल अरेस्ट" इथूनच सुरू होते.

या पाचही सापळ्यांत एक गोष्ट समान आहे. लँडलाइनवरून पैसे जात नाहीत, लँडलाइन हे केवळ घरात शिरायचे दार आहे. पैसे जातात मोबाईलवरून किंवा बँकेतून. म्हणून पहिल्या दोन-तीन मिनिटांत प्रश्न येतोच : "तुमचा मोबाईल नंबर सांगा, साहेब व्हिडिओ कॉलवर बोलतील." घरातल्या सर्वांना एकच वाक्य पाठ करून घ्यायचे असेल तर ते हे : लँडलाइनवर आलेल्या अनोळखी माणसाला मोबाईल नंबर द्यायचा नाही.

फोनवर अटक होत नाही

"डिजिटल अरेस्ट" नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. तरीही सुशिक्षित माणसे त्यात अडकली आहेत आणि आयुष्यभराची कमाई गमावून बसली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये या प्रकाराबद्दल सावध केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. एवढे होऊनही हे फोन थांबलेले नाहीत, कारण ते माहितीच्या अभावावर जितके चालतात तितकेच भीतीवर चालतात.

आपल्या वस्त्यांना ही भीती नवी नाही. नामांतराच्या आंदोलनातल्या लाठ्या आणि धरपकड ज्यांनी पाहिली, त्यांच्या कानावर "पोलीस स्टेशनमधून बोलतोय" हे शब्द पडले की छातीत धस्स होते. फसवणारा याच भीतीचा फायदा घेतो. म्हणून अटकेचा कायदा काय म्हणतो हे घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगणे हे आपले काम आहे.

संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो की अटक केलेल्या व्यक्तीला अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार आहे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत अनुच्छेद १५-अ मांडला, त्यातून हे संरक्षण आले. आता फोनवरचा तोतया काय म्हणतो ते त्याच्या शेजारी ठेवून पाहा. तो म्हणतो, कुणाला सांगू नका, वकिलाला फोन करू नका, खोलीबाहेर जाऊ नका, कॅमेरा बंद करू नका. अनुच्छेद २२ ने जे दिले, ते सगळे तो काढून घेतो. जो वकील नको म्हणतो तो कायद्याचा माणूस असूच शकत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही इथे उपयोगी पडते. तिच्या कलम ३५ नुसार, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरील किंवा आजारी-अशक्त व्यक्तीला अटक करायची असेल तर किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. कलम ४३ नुसार, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तरी महिला अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. आणि कोणत्याही कलमाखाली चौकशीतून सुटण्यासाठी "पडताळणीकरिता" पैसे एखाद्या खात्यात भरा, अशी तरतूद नाही. पोलिसांना खरेच बोलवायचे असेल तर नोटीस कागदावर येते, ती घेऊन माणूस दारात येतो आणि त्याच्याकडे ओळखपत्र मागता येते.

फोन ठेवला तरी लाइन तुटते का?

लँडलाइनची एक खास युक्ती तरुणांना सहसा माहीत नसते. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीत फोनचा ताबा मुख्यतः फोन करणाऱ्याकडे असतो. उचलणाऱ्याने रिसीव्हर खाली ठेवला आणि करणाऱ्याने ठेवला नाही, तर लाइन काही काळ जोडलेलीच राहू शकते. फसवणारा म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही? मग फोन ठेवा आणि बँकेत फोन करून स्वतः खात्री करा." माणसाला वाटते, हा तर खराच आहे. तो लगेच रिसीव्हर उचलतो, पलीकडून वाजवलेला डायल टोन ऐकतो, बँकेचा नंबर फिरवतो आणि "बँकेतून" बोलतो तो त्याच टोळीतला दुसरा माणूस. ब्रिटनमध्ये या युक्तीने इतक्या लोकांना लुटले की तिथल्या टेलिफोन कंपन्यांना लाइन धरून ठेवण्याचा हा अवधी काही सेकंदांवर आणावा लागला.

उपाय साधा आहे. खात्री करायचा फोन त्याच लँडलाइनवरून करू नये. मोबाईलवरून करावा, नाहीतर शेजाऱ्यांच्या फोनवरून. दुसरा फोन नसेलच तर आधी ओळखीच्या माणसाला फोन लावावा, म्हणजे मुलीला किंवा भावाला. ओळखीचा आवाज आला तर लाइन मोकळी आहे. बँकेचा नंबर पासबुकवरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या "कस्टमर केअर"च्या नंबरांतही बनावट नंबर पेरलेले असतात.

दिसणाऱ्या नंबरवरही भरवसा ठेवता येत नाही. परदेशातून केलेला फोन भारतातल्या नंबरवरून आल्यासारखा दाखवता येतो. असे फोन अडवण्याची यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख फोन बनावट नंबरचे म्हणून अडवले गेले. नियमाप्रमाणे जाहिरातीचे फोन १४० ने आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालये यांचे सेवेसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. ही खूण उपयोगी आहे, पण नंबर बरोबर दिसला म्हणून ओटीपी सांगायचा नाही.

घरात आजच करता येतील अशा गोष्टी

– लँडलाइनवरून १९०९ वर फोन करून डीएनडी म्हणजे "जाहिरातीचे फोन नकोत" अशी नोंद करावी. सगळे बंद करता येतात किंवा बँकिंग, घरबांधणी, शिक्षण अशा प्रकारांपैकी हवे तेवढे. याने नोंदणीकृत कंपन्यांचे जाहिरातीचे फोन कमी होतील. चोर नियम पाळत नाही, त्यामुळे फसवे फोन याने थांबणार नाहीत. पण जाहिरातींची गर्दी ओसरली की उरलेला संशयास्पद फोन ओळखू येतो.

– फोनवर नंबर दिसण्याची सोय नसेल तर कंपनीकडून ती सुरू करून घ्यावी आणि नंबर दाखवणारे यंत्र बसवावे. नंबर, तारीख आणि काय बोलणे झाले हे लिहिलेले असेल तरच तक्रार करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलला असून, आता नको असलेल्या जाहिरातीच्या फोनची तक्रार सात दिवसांपर्यंत करता येते. नोंदणी नसलेल्यांकडून फोन आला असेल तर तक्रारीसाठी आधी डीएनडी घेतलेले असण्याचीही अट नाही.

– फसवणुकीचा संशय आहे पण पैसे गेलेले नाहीत, अशा फोनची माहिती संचार साथी पोर्टलवरच्या "चक्षू" या सोयीत द्यावी. तिथे पडताळणीचा ओटीपी मोबाईलवर येतो, म्हणून हे काम घरातल्या तरुणाने करावे.

– परदेशी फोन करण्याची गरज नसेल तर लँडलाइनची आयएसडी सेवा बंद करून घ्यावी.

– फोन उचलल्यावर आपले नाव किंवा नंबर सांगू नये. "कोण हवंय?" एवढेच विचारावे. घरात एकटे असल्याचे कधीही सांगू नये.

– घराचा एक परवलीचा शब्द ठरवावा. "आजी, मी बोलतोय, अडचणीत आहे" असा फोन आला तर आधी तो शब्द विचारावा. आवाजाची नक्कल करता येते, घरात ठरलेला शब्द मात्र बाहेरच्याला माहीत नसतो.

– फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावावा : "ओटीपी नाही. मोबाईल नंबर नाही. घाई नाही. आधी घरच्यांना फोन." खाली मुलाचा, मुलीचा आणि एका शेजाऱ्याचा नंबर लिहावा, त्याखाली १९३०.

"घाई नाही" हे शब्द आम्ही मुद्दाम सुचवतो. आमच्या परिचयातल्या एका निवृत्त परिचारिका ताईंना असाच पार्सलचा फोन आला. त्या मोबाईल नंबर सांगण्याच्या बेतात होत्या, तेवढ्यात शेजारच्या बाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि सहज विचारले, "कुणाचा गं फोन?" त्या एका प्रश्नाने पुढचे टळले. दुसरे माणूस खोलीत आले की या फोनची जादू उतरते, म्हणूनच तर ते "कुणाला सांगू नका" म्हणतात.

पैसे गेलेच तर

रडत बसण्यात किंवा एकमेकांना बोल लावण्यात वेळ घालवू नये. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. सोबत बँकेचे नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ जवळ ठेवावी. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात वेगाने फिरवले जातात. ते काढून घेण्याआधी खबर पोहोचली तर वाटेतच गोठवता येतात. म्हणून "उद्या मुलगा आला की बघू" असे म्हणू नये.

त्याच वेळी बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, पण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे ओटीपी सांगून बसलेल्यानेही लगेच कळवण्यात फायदा आहे.

पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत येत नाही" असे सांगितले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे बोट दाखवावे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. ज्येष्ठांबरोबर एखाद्या कार्यकर्त्याने जावे. एकट्या म्हाताऱ्या माणसाला परत पाठवणे सोपे असते, दोघांना तितके सोपे नसते.

तरुणांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात

पलीकडून बोलणारा कोण असतो? अनेकदा तोही अडकलेला तरुण असतो. परदेशात डेटा एंट्रीची चांगली नोकरी म्हणून नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि फसवणुकीच्या अड्ड्यावर बसवतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे विमानाने परत आणावे लागले. एजंटच्या तोंडी भरवशावर थायलंड, म्यानमार, कंबोडियाकडे नोकरीला निघालेल्या मित्राला आधी थांबवा, भरती करणारा एजंट सरकारकडे नोंदणीकृत आहे का ते तपासा.

दुसरे, आपले बँक खाते कुणाला "वापरायला" देऊ नका. महिन्याला काही हजार कमिशन देऊन विद्यार्थ्यांची खाती भाड्याने घेतली जातात. चोरीचा पैसा आधी त्याच खात्यात येतो, आणि पोलीस आधी त्याच विद्यार्थ्याच्या दारात येतात. शिष्यवृत्तीचे खाते गोठते, नोकरीच्या पडताळणीत गुन्हा दिसतो. कुणाच्या तरी आजीची पेन्शन ज्या खात्यातून पळाली त्या खात्यावर आपले नाव असणे, यासारखी नामुष्की नाही.

काम घराघरांतले आहे

फसलेले ज्येष्ठ बहुतेकदा गप्प राहतात. "एवढं शिकून फसलात कसे?" हा प्रश्न त्यांना पैशांपेक्षा जास्त लागतो. तो प्रश्न आपल्या घरात बंद झाला पाहिजे. आई-वडिलांना हे ठाऊक हवे की काहीही घडले तरी मुलाला सांगता येते आणि तो ओरडणार नाही. तेव्हाच ते पैसे भरण्याआधी फोन करतील.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. दोन तरुणांनी फसवणारा आणि आजोबा होऊन तो फोन करून दाखवला तर भाषणापेक्षा जास्त लक्षात राहील. मग कागद आणि स्केचपेन घेऊन ज्या घरी लँडलाइन आहे तिथे जा, भिंतीवर मजकूर लावा, १९०९ ची नोंद करून द्या. आणि निघताना कागदावर आपला स्वतःचा नंबर लिहा. अशा फोनच्या वेळी ज्याला हाक मारता येईल असे एक माणूस त्या घराला मिळेल.